बांगडीच्या मापाची खाडी

‘स्थानिक समुदाय’ म्हणजे नक्की कोण हो? पटकन सांगा, उगाच विचार करू नका. टॉवरच्या गॅलरीतून खाडीकडे बघत चहा पिणारे तुम्ही? टॉवरच्या आधी तिथं झोपड्या टाकलेले आम्ही? आमच्याही आधीपासून जाळी टाकणारे कोळी? की सगळ्यांच्या आधीपासून चिखलात उड्या मारणारे निवटे मासे? एका साहेबांनी हा प्रश्न भर सभेत विचारला तेव्हा त्यांच्या हातात लाल मार्कर होता, आणि कुणी उत्तर देण्याआधीच त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या कागदावर गोल काढून टाकला होता. गोलात लिहिलं, ‘पारंपरिक मच्छीमार’. माझी आई मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, चपला काढून, आणि त्या गोलात ती नव्हती.

आम्ही मुलुंडच्या अलीकडे, हायवे ओलांडून खाडीच्या बाजूला राहतो. आईबाबा मराठवाड्यातून आले. त्यांच्या गावात पाणी टँकरनं यायचं. मुंबईत एकदम एवढं पाणी बघितल्यावर आई आधी घाबरली, आणि ते पिता येत नाही हे कळल्यावर चिडली. बाबा घाटकोपरच्या एका छापखान्यात होते. दिवसभर लग्नपत्रिका छापायचे आणि मालक जेवायला गेला की चळवळीची पत्रकं. मी दूध आणि पत्रकं यांवर वाढले. दूध अधूनमधून संपायचं. शाळेत बाई ‘अ अननसाचा’ शिकवायच्या, आमच्या घरी अ अन्यायाचा होता. पाणी कुणाचं, हा प्रश्न आमच्याकडे देव्हाऱ्याच्या जागी असतो. फुलं वाहत नाही, पण रोज विचारतो.

बाबा गेले तेव्हा गावाहून आत्या आली ती आईच्या बांगड्या फोडायच्या तयारीनं. आईनं कपाटावरच्या गठ्ठ्यातून एक पत्रक काढून तिच्या हातात दिलं. विधवेच्या बांगड्या फोडण्याच्या विरोधातलं होतं ते, फार कडक भाषेत, शेवटी उद्गारचिन्हांची रांग. ‘‘तुझ्या भावानंच छापलंय,’’ आई म्हणाली, ‘‘भांडायचं तर त्याच्याशी भांड.’’ आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचून दाखवलं, उद्गारचिन्हांसकट. आत्या दुसऱ्याच दिवशी गावाला परत गेली. आईच्या हातात रोजच्या काचेच्या बांगड्या राहिल्या आणि एक जाड पितळेचीही, बाबांनी कुठल्याशा जत्रेतून आणलेली.

आई पवईच्या एका ऑफिसच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. पण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ती रजा टाकते. त्या दिवसांत भरती जेवढी चढते तेवढीच सुकती खाली जाते. भल्या सकाळी पाणी पार लांब सरकतं आणि तिवरांच्या झाडांपलीकडचा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात खुबे असतात. खुबे म्हणजे मोठ्या काळ्या शिंपल्या, चांगला पोसलेला खुबा तळहात भरून उरतो. गुडघाभर चिखलात पायाच्या बोटांनी चाचपायचं, कडक लागलं की वाकायचं आणि हात घालायचा. कडक लागतं ते दर वेळी खुबाच असतो असं नाही. आईला एकदा मिक्सरचं भांडं सापडलं. झाकणासकट. आम्ही अजून त्यात चटणी वाटतो.

हे तिला शिकवलं ते कोळीवाड्यातल्या एका बाईनं. आमच्या वस्तीतल्या बायका पहिल्यांदा चिखलात उतरल्या तेव्हा ही बाई बांधावर उभी राहून आधी शिव्या देत होती आणि नंतर, एवढ्या बायका नुसत्याच फतकल मारून बसलेल्या बघवेना म्हणून, खाली येऊन पाय कसा फिरवायचा ते दाखवायला लागली. आता ती कोळणींच्या सोसायटीची अध्यक्ष आहे. सगळा कोळीवाडा तिला चेअरमनबाई म्हणतो, तिचा मुलगासुद्धा. तिच्या तोंडात ‘ड’ नाही. खाडी तिच्याकडे खारी होते, बांगडी बांगरी.

तर खुबे कमी झाले. कुठून कुठून टेम्पो यायला लागले, हॉटेलांसाठी गोणी भरून माल न्यायला लागले, बोटाच्या पेराएवढे पोरखुबेसुद्धा. कोळीवाड्यानं सरकारी खात्याकडे तक्रार केली. खात्याकडे नेमकी एक योजना पडून होती: सहव्यवस्थापन. म्हणजे खातं आणि खाडीवर जगणारी माणसं यांनी मिळून नियम करायचे, मिळून पाळायचे. चिखलाचे पट्टे पाडायचे, एक पट्टा उघडा, बाकीच्यांना विश्रांती. ज्या तिवराला लाल चिंधी बांधली असेल त्याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. लहान खुबा परत चिखलात. मला हे सगळं मनापासून पटलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बरंच काही बोलणार आहे.

सोसायटीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. एका कोपऱ्यात बर्फाच्या पेट्या, दुसऱ्या कोपऱ्यात दुरुस्तीला आलेली जाळी, मधे आम्ही. खात्याच्या साहेबांनी विचारलं, ‘‘लहान खुबा कोणता आणि मोठा कोणता, हे ठरवायची तुमची काही पारंपरिक पद्धत आहे का?’’

चेअरमनबाई उठली. ‘‘हाय ना. बांगरी. खुबा बांगरीतून घालायचा. निसटला तो पोर, अरकला तो थोर. पोर खारीला, थोर टोपलीला.’’

साहेबांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता हे रडतात. वर्षानुवर्षं ते सभांतून फिरत होते आणि लोक त्यांच्याकडे नळ मागत होते. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पारंपरिक ज्ञान दिलं होतं. त्यांनी तिला ते दोनदा म्हणायला लावलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि नियमांच्या मसुद्यात कलम घातलं: ‘प्रत्येक सभासद महिलेने स्वतःच्या हातातील बांगडीने खुब्याचे माप घ्यावे.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या हॉलमध्ये बसलेल्या एकाही बाईच्या डोक्यात त्या क्षणी आलं नाही की मनगटं वेगवेगळी असतात. माझ्याही नाही. मी तत्त्वानं बांगड्या घालत नाही, त्यामुळे नव्या कलमाप्रमाणे माझं मनगट बेकायदेशीर झालं आहे, एवढंच मला सुचलं आणि मी ते शेजारणीला सांगून हसत होते.

मग सभासद कोण, हा विषय निघाला आणि तो गोल आला.

आईनं हात वर केला. ‘‘साहेब, मी बी हितंच खुबे काढते. वस्तीतल्या अजून बाया हायेत.’’

‘‘ताई, तुम्ही पारंपरिक आहात का?’’ साहेबांनी विचारलं.

आईनं स्वतःकडे वरून खाली बघितलं. ‘‘म्हंजे कसं असतंय ते?’’

‘‘म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या. वडील, आजोबा.’’

‘‘माझ्या आज्याला गावच्या विहिरीवर जाऊ देत नव्हते,’’ आई म्हणाली, ‘‘खाडी कुठून आणणार तो?’’

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. चेअरमनबाई म्हणाली, ‘‘हे बघ बाय, तू चांगली हायस. पन आज तुला घेतली तर उद्या मानखुर्दपासून सगली रांग लागंल. खारी काय रबराची हाय?’’

तिचं म्हणणं खोटं नव्हतं आणि मला त्याचाच राग आला. मी उठून बोलले. परंपरा हा शब्द आमच्या दाराशी नेहमी जात विचारायलाच येतो, असं काहीतरी बोलले. बराच वेळ बोलले. साहेबांनी माझा मुद्दा ‘नोंद घेतली’ या सदरात लिहिला. मार्करची शाई संपत आली होती.

घरी येऊन मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘खाडी कुणाच्या बापाची?’ रात्रीतून मजकूर, सकाळी झेरॉक्स, दुपारी कोळीवाड्यात दारोदार वाटप. बाबांची मुलगी आहे मी. बायकांनी ते हसतमुखानं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जवळा माझ्याच पत्रकाच्या पुड्यांतून विकला. चेअरमनबाईनं मला लांबूनच हाक मारली. ‘‘काय गो, तुझा कागद मस्त जार हाय. सुकट चांगली राहते त्यात. अजून हायत का?’’

‘‘वाचला का पण?’’

‘‘वाचला ना. आमच्या बापाची हाय असा लिवलाय ना?’’

‘‘कुणाच्याच बापाची नाही असं लिहिलंय!’’

‘‘हां, मग बरोबर. आमच्या आईची हाय.’’

उधाण आलं. नव्या नियमांची पहिली सुकती होती. साहेब पांढरे बूट घालून बांधावर हजर. त्यांच्यासोबत एक फोटोग्राफर, जो खुब्यांपेक्षा लांबच्या रोहित पक्ष्यांचेच फोटो काढत होता. कोळीवाड्यातल्या बायका रांगेनं चिखलात उतरल्या. आमच्या वस्तीतल्या बायका बांधावर, टोपल्या उपड्या घालून त्यांच्यावर बसलेल्या. आई मधोमध. मी उरलेली पत्रकं घेऊन उभी. वारा माझ्या बाजूनं नव्हता. अर्धी पत्रकं तिवरांत गेली आणि साहेबांनी कचऱ्याबद्दल माझ्याकडे बघितलं. खाडीत तरंगणाऱ्या डायपरांकडे बघायचं मात्र ते सौजन्यानं टाळत होते.

थोड्याच वेळात आरडाओरडा सुरू झाला.

झालं असं, की कोळीवाड्यात एक थोरल्या हाडापेराची बाई आहे, तिच्या बांगड्या मोठ्या. तिनं एक बांगडी हातातून उतरवून प्रामाणिकपणे एकेक खुबा तिच्यातून घातला आणि एकेक खुबा प्रामाणिकपणे निसटला. तिची टोपली रिकामी. शेजारी तिची जाऊ, काडीसारखी. तिच्या बांगडीत शेंगदाणा अडकला असता. तिची टोपली भरून वाहत होती.

‘‘ए गो, माझाच खुबा तू उचललास!’’ थोरली ओरडली. ‘‘मी आता सोरला तो!’’

‘‘तुझा पोर होता, माझा थोर हाय. नियम हाय.’’

‘‘नियम गेला खारीत! कमी खाल्ला तर जास्त खुबे मिलतात होय?’’

‘‘मग खाऊ नको ना!’’

बांधावर आमच्या बायका पोट धरून हसत होत्या. साहेब वही काढून ‘व्यक्तिसापेक्ष तफावत’ असं काहीतरी पुटपुटत होते. चिखलातून थोरलीनं एक सभ्य आणि एक असभ्य अशा दोन गोष्टी जावेला सांगितल्या, एक खुबा घेतला आणि तो अडकावा म्हणून रागानं आडवा करून बांगडीत दाबला. बांगडी काचेची होती. हिरवी. कडकन्‌ आवाज आला.

आणि चिखलातले सगळे हात थांबले.

बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. वाढली म्हणतात. कोळणीची बांगडी तर त्याहून अवघड गोष्ट. लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला देऊन टाकायच्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून. मग जन्मभर डाव्या हातातच बांगड्या. थोरलीचा नवरा त्या दिवशी बोटीवर होता. ती मनगट धरून चिखलात तशीच बसली, आणि जी जाऊ आत्तापर्यंत तिच्या खाण्यावरून बोलत होती तीच तिला मिठी मारून रडायला लागली. एकेक करत सगळ्या बायका वर आल्या. आता खुब्याच्या मापासाठी बांगडीला हात लावायला कुणीच तयार नव्हतं.

(नवरा संध्याकाळी धडधाकट परत आला. दोन दिवस झोपून होता, पण त्याचं कारण दर्या नव्हता.)

साहेब अडचणीत आले. त्यांचा नियम सोपा होता: माप नाही तर काढणी नाही. खात्याकडून प्रमाणित स्टीलची कडी येणार होती, पण तिची निविदा निघाली होती, आणि निविदा ही आमच्या मुंबईत भरतीसारखी असते. येताना दिसते, हातात मात्र काही लागत नाही. ‘‘तोवर ज्यांना हरकत नाही अशा कुणाची तरी बांगडी वापरा,’’ ते म्हणाले. ‘‘चेअरमनबाई, तुमची?’’

चेअरमनबाईनं दोन्ही हात पुढे केले. उघडे. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. गेल्या सगळ्या वर्षांत ती खुबे नजरेनंच मापत होती, आणि सभेत बांगडीचं बोलली ती आपल्या तरुणपणातलं बोलली होती. तिच्याच कलमाप्रमाणे, तिच्याच खाडीत, तिला खुबा उचलायची परवानगी नव्हती.

‘‘मग कुणीतरी यांना एक बांगडी द्या,’’ साहेब म्हणाले.

बिचारे. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सवाष्णींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग सगळ्या चिखलाकडे बघायला लागल्या. आपल्या हातातली बांगडी काढून विधवेच्या हातात कोण देणार, आणि तेही आत्ताच एक वाढलेली असताना? चेअरमनबाईनं कुणाकडे मागितलीही नाही. सगळ्या कोळीवाड्याला तोंडावर वाजवणारी बाई ती, पदर डोक्यावर ओढून घेऊन बांधाच्या दगडावर बसली. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं.

पाणी चढायला लागायच्या बेतात होतं. आणि माझी आई टोपलीवरून उठली.

ती चेअरमनबाईच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि हातातली पितळेची बांगडी फिरवत फिरवत काढली. ‘‘ही घे. ही विधवेचीच हाय. हिला काय विटाळ लागायचा न्हाई.’’

चेअरमनबाईनं वर बघितलं. बांगडीकडे, मग आईच्या मनगटातल्या बाकीच्या काचेच्या बांगड्यांकडे. ‘‘तू अजून घालतस?’’

‘‘व्हय. मला आवडत्यात.’’

‘‘कोन काय बोलत नाय?’’

‘‘बोलत्यात की. मी हिला वाचून दाखवायला सांगते,’’ आईनं माझ्याकडे बोट केलं, ‘‘मग जातात.’’

चेअरमनबाई हसली. आधी नाकातून, मग खरंच. तिनं हात पुढे केला, आणि आईनं बांगडी मागे घेतली.

‘‘थांब. बांगडी माझी हाय. बांगडी चिखलात जाणार तर मी बी जाणार. आन्‌ माझ्यासंगं वस्तीतल्या ह्या बाया बी.’’

‘‘ही काय सौदेबाजी करतस काय गो?’’

‘‘तुझ्याकडूनच शिकले. बाजारात बसतीस तवा काय करतीस?’’

साहेब मधे पडले. म्हणाले, ताई पारंपरिक नाहीत, असा समावेश मसुद्यात बसत नाही. चेअरमनबाई उठून त्यांच्या अंगावरच गेली. ‘‘तुमी बसा ओ जरा! मसुदा चिखलात उतरनार हाय का? उतरनार असेल तर बूट कारा!’’ मग आईकडे वळून म्हणाली, ‘‘वस्तीतल्या किती बायका?’’

‘‘ह्या बसल्यात तेवढ्या. मानखुर्दची रांग न्हाई आणत.’’

‘‘टेम्पोवाल्याला इकायचा नाय.’’

‘‘टेम्पोवाल्याला मी तुझ्याआधी दगड मारलाय.’’ हे खरं आहे. टेम्पोची काच आईनंच फोडली होती, आणि त्या काळात आम्ही घरी हा विषय काढत नव्हतो.

‘‘चिंधीच्या पलिकरं पाय नाय.’’

‘‘न्हाई.’’

‘‘मग चल. पानी येईल.’’

त्या सकाळी पहिल्यांदा सगळ्या एकत्र उतरल्या. मधोमध आई आणि चेअरमनबाई, हातात एकच बांगडी, आणि ज्या बाईला खुबा मिळेल ती ओरडायची, ‘‘माप!’’ मग दोघींपैकी एक तिच्याकडे फताड फताड करत जायची. खुबा निसटला की सगळ्या एकदम ‘‘पोर!’’ असं ओरडायच्या, क्रिकेटमध्ये आऊट म्हणतात तसं. थोरलीच्या हाती एक असा भला मोठा खुबा लागला की तो बांगडीच्या तोंडावरही मावेना. तिनं तो जावेच्या नाकासमोर धरून फिरवला. वेळ मात्र इतका गेला की सगळ्यांच्या टोपल्या अर्ध्याच भरल्या. साहेबांनी नंतर अहवालात लिहिलं म्हणे, की या पद्धतीमुळे काढणीचं प्रमाण आपोआप मर्यादित राहिलं. त्यांना आम्ही मुद्दाम हळू केलंय असं वाटलं. राहू दे.

मी मात्र घरी येऊन आईशी भांडले. चांगलं भांडले.

‘‘हक्क मागायचा असतो,’’ मी म्हटलं, ‘‘तू बांगडी देऊन विकत घेतलास. उद्या ती स्टीलची कडी आली की तुला म्हणतील, ये बाई, आता तुझं काम नाही.’’

आई खुबे उकळायला टाकत होती. उघडायला लागले की ते कटकट आवाज करतात. ‘‘म्हनतील तवा बघू.’’

‘‘असं नाही चालत. तत्त्वाचा प्रश्न आहे.’’

‘‘कामून ओरडतीस? तत्त्व मला बी हाय. पन मी आज उभी ऱ्हायले नसते तर तिला कुणी बांगडी दिली असती का? ती बसली व्हती तिथं. तू बघितलीस ना?’’

बघितली होती. पण हरले असं मी अजूनही म्हणणार नाही. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या सकाळी आईनं जे केलं ते बरोबर होतं, आणि एखाद्या बाईला खाडीत उतरायला दुसऱ्या बाईच्या अडचणीची वाट बघावी लागणं चूक आहे. माझं पत्रक दुसऱ्या गोष्टीबद्दल होतं. त्यात सुकट बांधली गेली तरी मजकूर बदलत नाही.

तेव्हापासून बरीच उधाणं झाली. पट्टे फिरतात, चिंध्या फिरतात, पोरखुबे परत जातात. चेअरमनबाई आणि आई यांचं सुकतीला जमतं आणि भरतीला बिनसतं. आईनं तिला एकदा हिरव्या काचेच्या बांगड्या नेऊन दिल्या. तिनं त्या घातल्या नाहीत, परतही केल्या नाहीत. विचारलं की म्हणते, ‘‘कपाटात हायत. कपाट त्यांना घालतंय.’’

दरम्यान मसुदा पुढे सरकला, सरकारी गतीनं. अंतिम मसुद्यात बांगडी आहे. ‘स्थानिक नवोपक्रम’ म्हणून चौकट काढून, फोटोसकट. फोटोत बांगडी धरलेला हात दिसतो. हाताची मालकीण दिसत नाही. ती सभासदांच्या यादीतही नाही. तळाला एक ओळ आहे: ‘वस्तीतील काही महिला सहयोगी म्हणून सहभागी होऊ शकतील, त्यांना मताधिकार राहणार नाही व समिती त्यांचा सहभाग केव्हाही थांबवू शकेल.’ हे मी चेअरमनबाईला वाचून दाखवलं. तिनं साहेबांना फोन लावला आणि जे बोलली ते इथं छापता येणार नाही. साहेब म्हणाले, मला वैयक्तिक काही अडचण नाही, पण बदल करायचा तर हरकती-सूचनांमधूनच यायला हवा, आणि आत्तापर्यंत आलेल्या सगळ्या हरकती खाडीसमोरच्या इमारतींमधल्या आहेत. त्यांचं म्हणणं, वस्तीतल्या बायकांना कांदळवनात सोडूच नये. पक्षी बिचकतात.

चेअरमनबाईनं सोसायटीच्या लेटरहेडवर सूचना पाठवली आहे. वस्तीनं पाठवली आहे. पण आमची सगळ्यांची सूचना म्हणजे आमचंच आमच्याविषयी बोलणं, असं त्यावर कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलंय म्हणे. आमच्या बाजूनं बाहेरच्या माणसाचा कागद तिथं एकही नाही.

म्हणून तुमच्याकडे आले आहे. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर, खाडीच्या अंगाला तुम्ही कुठंही राहत असाल तर हा मसुदा तुमच्याही खाडीचा आहे. वॉर्ड ऑफिसच्या फलकावर तो लावलेला आहे, शेजारी हरकती-सूचनांची पेटी आहे. एक कोरा कागद घ्या. सुविचार नको, कविता नको, पक्ष्यांवर निबंध नको. एवढंच लिहा: ‘तळाची ओळ काढा. वस्तीतल्या बायकांना सभासद करा, मतासकट.’ खाली नाव, पत्ता, सही. या आठवड्यातच जाऊन टाका, आणि जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जा. पक्ष्यांचं लिहिणारा तोच असेल तर आधी त्याला चहा पाजा.